मापाची काठी

आमच्या गावाला तीन नावं आहेत
आणि तिन्ही मीच लिहिली.
हान राजाचं लिहिलं तेव्हा माझी मिशी काळी होती.
वेइचं लिहिलं तेव्हा अंगठा वाकू लागला होता.
चिनचं काल संध्याकाळी लिहिलं,
शाई अजून बोटाला आहे.

मी गावनोंदीचा कारकून.
राजा बदलला की बांबूच्या पट्ट्या खरवडायच्या,
चाकू जरा तिरपा धरून.
पापुद्र्याएवढी माणसं निघतात
आणि खालून कोरा बांबू वर येतो,
जणू इथे कधी कुणी राहतच नव्हतं.
तो भुसा बायको चुलीत घालते.
दोन राज्यं जाळून आम्ही राळ्याची पेज शिजवली आहे,
चव दोन्ही वेळा तीच. थोडी धुरकट.

‘घोडा’ हे अक्षर प्रत्येकाचं निराळं.
एकाच्या घोड्याला चार पाय,
दुसऱ्याच्या घोड्याला नुसती आयाळ आणि शेपूट,
तिसऱ्याचा तर मोडक्या कुंपणासारखा दिसतो.
घोडे मात्र एकाच वाटेने येतात
आणि आल्या आल्या आमचा कोवळा गहू खातात.

असो. सांगायचं होतं ते मापाबद्दल.

साडेसहा विती भरला की पोरगा सैन्याचा,
हा नियम कुठल्याच राजाने बदलला नाही.
बदलते ती वीत.
वेइच्या काठीची वीत लांब होती, देव तिचं भलं करो;
तिच्यापुढे माझा शूयी दोन बोटं कमी पडायचा,
आणि मी तसं लिहायचो, खरं तेच,
सुंदर अक्षरात.

काल चिनची काठी आली.
टोकाला काशाची टोपी, रेशमी पिशवी.
रात्री दिवा झाकून मी दोन्ही काठ्या शेजारी ठेवल्या.
प्रत्येक वितीमागे नखभर फरक.
नखभर. मी सहादा मोजलं.
आत शूयी झोपला होता, पाय चटईबाहेर,
आणि एका रात्रीत तो वाढला होता
एक घासही जास्त न खाता.

खोटं लिहिता आलं असतं.
पण नव्या कायद्याने पाच घरं एका दोरीत बांधली आहेत,
एकाने लपवलं तर पाचांनी भरायचं.
आमच्या दोरीत मेंग-लो आहे,
दोन तान्ह्यांची विधवा,
जी कालच आमच्याकडे मीठ मागायला आली होती
आणि परत द्यायला येईल.

सकाळी अंगणात पोरांची रांग लागली.
शूयीची पाळी आली तेव्हा त्याने गुडघे किंचित वाकवले.
कुणी शिकवलं त्याला? मी नाही.
आयुष्यभर मी या पोराला एकच सांगत आलो,
ताठ उभा राहा.
लिहायला बसताना, जेवताना, आजोबांच्या थडग्यापुढे,
ताठ, ताठ.
आज माझ्या तोंडून शब्द निघेना.
शिपाई वाट पाहत होता. काठी माझ्या हातात.
शूयीने माझ्याकडे पाहिलं,
मग पलीकडच्या भिंतीवरून डोकावणाऱ्या मेंग-लोकडे,
आणि हळूहळू, एकेक मणका मोजल्यासारखा,
सरळ झाला.

साडेसहा. वर अर्धं बोट.
मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं,
याची मला अजून लाज वाटते.

नंतर शिपाई घर तपासायला आत गेला.
दाराच्या चौकटीवर आडव्या काळ्या रेघा,
गुडघ्यापासून चढत चढत त्याच्या नाकापर्यंत,
दर वसंतातली एक,
चुलीतल्या कोळशाने ओढलेली,
कुठल्याच राज्याच्या वितीत न बसणारी.

त्याने काठीच्या टोपीने एका रेघेवर टकटक केलं.
“हे काय?”

बायकोने पदर नसल्यासारखे हात बाहीत ओढून घेतले.
“धूर,” ती म्हणाली.